नोंद रुग्णाच्या हाती पडावी: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना साक्रीहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मा. अध्यक्ष, जिल्हा परिषद, धुळे, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय: साक्री तालुक्यातील रुग्णांच्या मोबाईलवरील आरोग्य-ॲपची रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींशी जोडणी करण्याबाबत

महोदय,

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झाले, तेव्हा त्याचे मुख्य आश्वासन असे होते की, रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेला, तरी त्याच्या आजाराची हकीगत, झालेल्या तपासण्या आणि चालू औषधे यांची नोंद त्याच्या संमतीने त्याच्याबरोबर जाईल. साक्री तालुक्यात या मिशनचा आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या आरोग्य-नोंदी एका ठिकाणी ओळखता याव्यात यासाठी दिलेला १४ अंकी क्रमांक, असलेली माणसे आज गावोगाव भेटतात. परंतु त्या क्रमांकाला जोडलेले एखादे तरी डिस्चार्ज कार्ड मोबाईलवर उघडून दाखवील, असा रुग्ण मात्र शोधावा लागतो. क्रमांक आणि नोंद यांच्यातील हे अंतर भरून काढणे आपल्या विभागाच्या हाती आहे, आणि ते कसे भरून निघावे हे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

प्रश्नाची दोन टोके प्रथम स्पष्ट करणे इष्ट आहे. एका टोकाला रुग्णाच्या मोबाईलवरील वैयक्तिक आरोग्य-नोंदीचे ॲप आहे. शासनाचे आभा ॲप, आरोग्य सेतू, डिजिलॉकर आणि मान्यताप्राप्त खासगी ॲप ही सर्व या वर्गात येतात. दुसऱ्या टोकाला रुग्णालयाची इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद प्रणाली आहे, म्हणजे केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, दिलेली औषधे आणि डिस्चार्ज समरी ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जातात ते सॉफ्टवेअर. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकचे ई-सुश्रुत ही त्याची शासकीय उदाहरणे होत. या दोन टोकांमध्ये संमती व्यवस्थापक नावाची मधली यंत्रणा असते. एखाद्या डॉक्टरला जुनी नोंद पाहायची असेल, तर तो तिच्यामार्फत मागणी करतो. मागणी कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदीची, कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंतची आणि किती मुदतीसाठी आहे हे रुग्णाच्या ॲपवर दिसते. रुग्णाने होकार दिल्यानंतरच नोंद कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, स्वरूपात एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाते. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांची नोंद वाचता यावी म्हणून तिचा साचा ठरवून दिलेला असून त्यास एफएचआयआर म्हणतात, आणि एकाच रोगाला दहा डॉक्टरांनी दहा नावे लिहिली तरी संगणकाने ती एकच समजावीत यासाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची संकेतावली आहे, जी भारतात विनाशुल्क वापरता येते. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. तंत्रज्ञानाच्या बाजूने, थोडक्यात, महाराष्ट्राला कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही.

या रचनेतील एक गोष्ट सर्वसामान्यांच्या लक्षात आणून दिली जात नाही. नोंदी दिल्लीतील एखाद्या मोठ्या कोठारात साठवल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयात नोंद तयार झाली तेथेच ती राहते आणि मागणी आल्यावर तेथून पाठवली जाते. खासगीपणाच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा होतो की, पिंपळनेरच्या ग्रामीण रुग्णालयातील संगणक त्या वेळी बंद असेल, वीज गेली असेल, नेटवर्क नसेल किंवा ती नोंद मुळात संगणकात भरलीच गेली नसेल, तर रुग्णाच्या मोबाईलवर काहीही येणार नाही. मोबाईल कितीही चांगला असला आणि आभा कार्ड कितीही जपून ठेवले असले, तरी साखळीचे बळ तालुक्याच्या रुग्णालयातील त्या एका टेबलावर ठरते. म्हणून या विषयाची चर्चा ॲपपासून सुरू न करता त्या टेबलापासून सुरू करावी लागेल.

आज त्या टेबलावर काय घडते? बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांग लागते, केसपेपर निघतो, डॉक्टर त्यावर हाताने औषधे लिहितात आणि कागद रुग्णाच्या हातात जातो. धुळ्याला पाठवायचे झाले तर वेगळी चिठ्ठी मिळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, एक्स-रेचे पाकीट, घडीवर फाटत आलेला रक्ताचा अहवाल, माता-बाल संरक्षण कार्ड आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवलेल्या असतात. खासगी लॅब अहवालाची पीडीएफ प्रत व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि ती पुढे नातेवाईक डॉक्टरांना पाठवतात. तालुक्यातील लोकांचे खरे आरोग्य-ॲप आज व्हॉट्सॲप आहे, ही वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. त्यात संमतीची नोंद नाही, मुदत नाही, चुकीच्या क्रमांकावर गेलेला अहवाल परत घेण्याची खात्री नाही आणि मोबाईल बिघडला की सारेच जाते. तरीही लोक ते वापरतात, कारण ते चालते. शासनाच्या जोडणीला याच कसोटीला उतरावे लागणार आहे.

लोक अडाणी आहेत, त्यांना हे झेपणार नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर तो खानदेशच्या अनुभवाशी जुळत नाही. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात. कोविड लसीकरणाच्या काळात प्रमाणपत्राची गरज आहे असे कळताच लोकांनी ते उतरवून घेतले, छापून घेतले आणि जपून ठेवले. शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, तो कोणत्याही बँकेत चालतो आणि त्यासाठी तलाठ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. जमिनीच्या तुकड्याची नोंद इतक्या भरवशाने हाती येऊ शकते, तर माणसाच्या शस्त्रक्रियेची नोंद का येऊ नये, याचे उत्तर विभागाने दिले पाहिजे.

याहून अधिक टोचणारी बाब अशी की, धुळे जिल्ह्यातील रुग्णांच्या नोंदी संगणकावर जातच नाहीत असे नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे जिल्हा होता. पुढे तीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर ओळखली जाऊ लागली. या योजनेत उपचाराची पूर्वमंजुरी पहिल्यापासून ऑनलाईन घेतली जाते. रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि कर्मचारी रुग्णाची ओळखपत्रे, तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेचा तपशील आणि डिस्चार्ज समरी संगणकावर चढवतात, त्याशिवाय रुग्णालयाला पैसे मिळत नाहीत. म्हणजे हृदयाची, मूत्रपिंडाची किंवा कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या साक्रीच्या रुग्णाची कागदपत्रे विमा देणाऱ्या यंत्रणेकडे दहा वर्षांहून अधिक काळ संगणकीय स्वरूपात पोहोचत आली आहेत. पोहोचली नाहीत ती फक्त त्याच्याकडे. हे घडले ते कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे. रुग्णालयाला बिलासाठी ती हवी होती आणि यंत्रणेला तपासणीसाठी. रुग्णाला ती हवी आहेत असे कोणी धरलेच नाही. मात्र यात आशेची जागाही आहे, कारण जे काम सर्वांत अवघड असते, ते म्हणजे कागद संगणकात जाण्याची शिस्त, ते या एका योजनेत आधीच झालेले आहे. दाव्यासोबत चढवलेली डिस्चार्ज समरी त्याच क्षणी रुग्णाच्या आभा खात्याशी जोडली जावी, असा एक आदेश निघाला तर जिल्ह्यातील सर्वांत गंभीर रुग्णांच्या नोंदी प्रथम त्यांच्या हाती पडतील.

रुग्णाचा नोंदीवरील हक्क नवीन नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागते, आणि नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. व्यवहारात मात्र ७२ तासांचा हा हक्क बजावायचा तर अर्ज, पुन्हा एक फेरी आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी असा खर्च येतो. साक्रीहून धुळे पन्नास किलोमीटरहून दूर आहे आणि तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाड्यांना तर आधी साक्री किंवा पिंपळनेर गाठावे लागते. ॲपची जोडणी ही या जुन्या हक्काची अंमलबजावणी आहे, एखादी नवी सवलत नव्हे, याच भूमिकेतून तिच्याकडे पाहिले जावे.

साक्री तालुक्यासाठी ही जोडणी किती निकडीची आहे, हे सिकलसेल या आजारावरून स्पष्ट होते. हा आजार आनुवंशिक आहे. त्यात रक्तातील हिमोग्लोबिनचा एक प्रकार बिघडलेला असतो, त्यामुळे प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनेचे झटके येतात. आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्ही दोष आले तर व्यक्ती रुग्ण असते, एकच आला तर ती वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते; दोघे वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सातपुडा आणि सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी समाजांत हा दोष पिढ्यानपिढ्या आढळतो, आणि साक्रीच्या पश्चिम भागात भिल्ल, कोकणा, मावची या समाजांची मोठी वस्ती आहे. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी गावात होते, विद्राव्यता चाचणीत संशय आला तर नमुना पुढे पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने निदान पक्के होते, आणि व्यक्तीला कार्ड मिळते.

पण हे कार्ड आयुष्यभराच्या आजाराचे फक्त पहिले पान आहे. रुग्णाचे हिमोग्लोबिन एरवी किती असते, आतापर्यंत किती वेळा रक्त चढवले, त्या वेळी काही प्रतिक्रिया आली का, झटके किती दिवसांच्या अंतराने येतात, हायड्रॉक्सियुरिया हे औषध कोणत्या मात्रेत सुरू आहे आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लागणारी रक्तपेशींची मोजणी शेवटची कधी झाली, यातील कोणतीच गोष्ट कार्डावर नसते. नव्या डॉक्टरपुढे वेदनेने तळमळणारा रुग्ण येतो, त्याचे हिमोग्लोबिन कमी दिसते, आणि माहितीअभावी साध्या रक्तक्षयाप्रमाणे लोहाच्या गोळ्या दिल्या जाण्याचा किंवा घाईने रक्त चढवले जाण्याचा धोका असतो. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात आधीच लोह साचलेले असते, त्यामुळे असा उपचार त्याला अपायकारक ठरू शकतो. पंधरा ओळींची नीट लिहिलेली नोंद त्या डॉक्टरला मिळाली, तर तो योग्य निर्णय घेईल. या पंधरा ओळींसाठी कोणतेही नवे संशोधन लागत नाही.

यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर साक्री, नवापूर आणि आसपासच्या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात, बारडोली आणि मढीकडील साखर कारखान्यांच्या पडावांवर जातात. उघड्यावरचा मुक्काम, पहाटेची थंडी, अंगमेहनत आणि पाण्याची टंचाई ही सारी परिस्थिती सिकलसेलच्या झटक्याला निमंत्रण देणारी आहे. नेमक्या याच काळात रुग्ण आपल्या नेहमीच्या डॉक्टरपासून, आपल्या आशाताईपासून आणि आपल्या राज्याच्या आरोग्ययंत्रणेपासून दूर असतो. त्याची कागदपत्रांची पिशवी घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेली असते. राज्याची सीमा ओलांडताच महाराष्ट्राची कोणतीही योजनानिहाय नोंद तेथील डॉक्टरला दिसत नाही. डिजिटल मिशनची मानके मात्र देशभर एकच आहेत, त्यामुळे पिंपळनेरला तयार झालेली नोंद बारडोलीच्या रुग्णालयात उघडणे तत्त्वतः शक्य आहे. महाराष्ट्राने गुजरातच्या आरोग्य विभागाशी बोलून ऊसतोडीच्या हंगामापुरती तरी ही वाट एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावी. एका तालुक्यातील सिकलसेलचे ज्ञात रुग्ण मोजके असतात, त्यांची नावे आरोग्य सेविकेच्या रजिस्टरात असतात, आणि त्यांच्यापासून सुरुवात केली तर काम आवाक्यात राहते.

परंतु नोंद जाते तेथे गुप्तताही गेली पाहिजे. सिकलसेलचा वाहक असणे हा काही आजार नाही, तरीही मुलीचे लग्न ठरताना ही गोष्ट बाहेर आली तर सोयरीक मोडू शकते, ही भीती समाजात आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. म्हणून सगळी नोंद द्या किंवा काहीच देऊ नका, असा पर्याय ॲपने कधीही देऊ नये. पाय मोडलेल्या तरुणीच्या डॉक्टरला एक्स-रे दिसावा, तिची वाहक-चाचणी दिसण्याचे कारण नाही. हीच गोष्ट क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात आणि कुटुंबनियोजन यांच्या नोंदींना लागू होते. ग्रामीण कुटुंबात स्मार्टफोन बहुधा एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. पाच माणसांची आभा खाती त्याच एका मोबाईल क्रमांकाशी जोडलेली असली, की बाईच्या नोंदीची प्रत्येक सूचना घरातील पुरुषाच्या हाती प्रथम पडते. तिने दवाखान्यात विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्याआधी दुसऱ्याने वाचावी, यासारखा विश्वासघात नाही, आणि एकदा असे घडले तर त्या पाड्यावरील बायका पुन्हा दवाखान्यात मोकळेपणाने बोलणार नाहीत. अशा नोंदी ॲपवर आपोआप न जोडता संबंधित स्त्रीला एकांतात विचारूनच जोडाव्यात, हा नियम सॉफ्टवेअरमध्येच पक्का बसवला पाहिजे. कर्मचाऱ्याच्या सौजन्यावर तो सोडता येणार नाही.

मोबाईलच्या सामायिक वापरातून आणखी एक साधी अडचण उभी राहते. ओटीपी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी येणारा तात्पुरता अंक, सुरतेला कामावर असलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि वडील साक्रीत खिडकीसमोर उभे राहतात. मुलगा यंत्रावर असेल तर फोन उचलत नाही आणि मागची रांग खोळंबते. रिचार्ज न केल्याने बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो, हा तर त्याहून मोठा धोका आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी छापील क्यूआर कार्ड आणि रुग्णालयात त्यांच्या समक्ष, त्यांच्या अंगठ्याने संमती नोंदवणारा मदतनीस, अशी सोय हवी. आभा क्रमांक ऐच्छिक आहे, तो नसल्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत, हे वाक्य प्रत्येक केसपेपर खिडकीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावले जावे.

संमतीच्या भाषेचा प्रश्नही सुटलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. अहिराणी नाही, भिली नाही, मावची नाही, आणि पश्चिम पट्ट्यातील कोकणा समाजाची बोलीही नाही. कायद्याने सांगितलेली किमान मर्यादा ही कमाल मर्यादा मानण्याचे कारण नाही. दोन मिनिटांच्या ध्वनिफितीत, ऐकणाऱ्याच्या बोलीत, कोणती नोंद कोणाला किती दिवस दिसेल आणि दिलेली संमती परत कशी घ्यायची हे सांगता येईल, आणि ते बोलायला तालुक्यातीलच आशा कार्यकर्त्या सर्वांत योग्य आहेत.

जोडणीचा उलटा प्रवाह, म्हणजे रुग्णाने घरी मोजलेला रक्तदाब किंवा साखर ॲपमधून डॉक्टरांच्या प्रणालीत जाणे, याविषयी घाई करू नये. मधुमेहाच्या रुग्णाचे तीन महिन्यांचे आकडे एका आलेखात दिसले तर डॉक्टरला मात्रा ठरवणे सोपे जाते, यात शंका नाही. परंतु रात्री अकरा वाजता आलेला धोकादायक आकडा पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरल्याशिवाय हा प्रवाह सुरू केला, तर रुग्णाला वाटेल की कोणीतरी लक्ष ठेवून आहे, आणि प्रत्यक्षात त्या वेळी कोणी नसेल. घरचा आकडा आणि रुग्णालयात घेतलेला आकडा यांची नोंद वेगळी दिसावी, आणि डॉक्टरने तो भेटीच्या वेळी पाहावा, एवढी मर्यादा पहिल्या टप्प्यात पुरेशी आहे.

प्रशासकीय अडथळा कोठे आहे, हे येथे स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, साक्री व पिंपळनेरची ग्रामीण रुग्णालये आपल्या विभागाकडे आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. एकच रुग्ण एका आठवड्यात या तिन्ही मालकांच्या दारी जातो आणि तिन्ही ठिकाणी त्याला पहिल्यापासून हकीगत सांगावी लागते. त्यातच आशा आणि आरोग्य सेविका गरोदर मातांची माहिती एका पोर्टलवर, क्षयरुग्णांची निक्षयवर, लसीकरणाची यू-विनवर आणि असंसर्गजन्य आजारांची आणखी वेगळ्या पोर्टलवर भरतात. तीच व्यक्ती, तोच पत्ता, तेच वय पुन्हा पुन्हा टंकित होते. आभा जोडणीच्या नावाखाली त्यांच्यावर पाचवे पोर्टल लादले गेले, तर नोंदींची गुणवत्ता आणखी घसरेल. एकदा भरलेली माहिती पुढे सर्वत्र आपोआप जावी, हीच जोडणीची पहिली कसोटी असली पाहिजे, आणि तिचा पहिला लाभ या स्त्रियांना मिळाला पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या कराराबाबत राज्याला कटू अनुभव आहे. जुलै २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकीय व्यवस्थापन प्रणालीची सेवा बंद पडली आणि रुग्णालये पुन्हा हाताने लिहिण्याकडे वळली. ज्यांच्या जुन्या नोंदी त्या प्रणालीत होत्या, त्यांना त्या मिळणे अवघड झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. यातून बोध घ्यायचा तो संगणक नको असा नव्हे. कोणत्याही पुरवठादाराशी करार करताना, तो संपला तरी सर्व नोंदी ठरलेल्या साच्यात शासनाच्या हाती राहतील, ही अट असली पाहिजे, आणि डिस्चार्ज समरीची एक प्रत रुग्णाच्या स्वतःच्या लॉकरमध्ये गेल्याशिवाय रुग्णालयातील प्रक्रिया पूर्ण झाली असे समजले जाऊ नये. रुग्णाजवळची प्रत हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह जोडप्रत आहे. महागड्या सॉफ्टवेअरवाचून हे अडत नाही, याचेही उदाहरण जवळच आहे: छत्तीसगडमधील गनियारी येथे आदिवासी रुग्णांची सेवा करणाऱ्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या गरजेतून बहमनी ही मुक्त स्रोत रुग्णालय-प्रणाली घडली, आणि कमी साधनांच्या रुग्णालयांसाठी ती आज अनेक देशांत वापरली जाते.

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जानेवारी २०२३ पासून रुग्णालयांना डिजिटल नोंदींसाठी प्रोत्साहनपर अनुदान देण्याची योजना आणली. ठरावीक संख्येपुढील जोडलेल्या नोंदींमागे रक्कम देण्याचे तीत ठरले. नोंद तयार व्हावी म्हणून हे योग्यच आहे. परंतु मोजमाप तयार झालेल्या नोंदींचे आणि काढलेल्या आभा क्रमांकांचे होत राहिले, तर यंत्रणा तेच वाढवील. किती नोंदी दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरने उपचारापूर्वी प्रत्यक्ष उघडल्या, हा आकडा दर महिन्याला तालुकानिहाय प्रसिद्ध होऊ लागेल तेव्हाच या मिशनची खरी प्रगती दिसेल. तो आकडा साक्रीत आरंभी एक किंवा दोन असला तरी लपवण्याचे कारण नाही.

तेव्हा विभागाला विनंती अशी की, साक्री तालुका या जोडणीसाठी प्रायोगिक तालुका म्हणून घोषित करावा. तिन्ही विभागांचा मिळून एक जबाबदार अधिकारी धुळ्यात नेमावा. जन आरोग्य योजनेच्या डिस्चार्ज समरी आणि सिकलसेल रुग्णांच्या नोंदी प्रथम जोडाव्यात. दोन्ही ग्रामीण रुग्णालयांत संगणकाला अखंड वीज, चालणारे इंटरनेट आणि रुग्णांना मदत करणारी एक पूर्णवेळ व्यक्ती द्यावी. नोंदीतील चूक रुग्णाने दाखवल्यास ती दुरुस्त करण्याची मुदत ठरवून द्यावी. आणि हे सर्व येत्या दिवाळीपूर्वी, ऊसतोडीच्या गाड्या तालुक्यातून निघण्याआधी, सुरू करावे.

साक्री, जि. धुळे